वाळवीने खाल्लेलं पहिलं इतिवृत्त

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहामुळे लिहून देत आहे. बोलताना वेळेअभावी राहिलेले एक-दोन हिशेब इथे घातले आहेत.)



समितीने मला विषय दिला होता 'सोसायटीची पंचवीस वर्षे'. मी जुना खजिनदार, त्यात बँकेतून निवृत्त झालेला. म्हणजे आकडे, तारखा, ठराव क्रमांक सगळं नीट सांगेन, अशी त्यांची अपेक्षा. ती रास्तच होती. म्हणून दोन महिन्यांपूर्वी सचिवांकडून कार्यालयाची किल्ली घेतली आणि भिंतीतलं लाकडी कपाट उघडलं. सन २००० चं पहिलं इतिवृत्त पुस्तक खालच्या फळीवर, कापडी बांधणीचं, जसंच्या तसं दिसत होतं. हातात घेतलं तर वजनच नाही! पुठ्ठा शाबूत, शिवणीचा दोरा शाबूत, आणि आत पानांच्या जागी मातीची पोकळ जाळी. पहिल्या तीन वर्षांचा कारभार वाळवीने वाचून संपवला होता.

म्हणून आज विषय थोडा बदलतो. अध्यक्षांची परवानगी घेतली आहे.

बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला कागद खाल्लेला बघवत नाही. आमच्याकडे वाळवीचे किस्से काही कमी नाहीत. २०११ साली उत्तर प्रदेशात बाराबंकी जिल्ह्यातल्या एका शाखेत वाळवीने सुमारे एक कोटी रुपयांच्या नोटा खाल्ल्या, ती बातमी तुम्ही वाचली असेल. २०२३ मध्ये मुरादाबादला एका बाईंनी मुलीच्या लग्नासाठी लॉकरमध्ये ठेवलेले अठरा लाख असेच गेले. लॉकर दागिन्यांसाठी आणि कागदपत्रांसाठी असतो, रोख रकमेसाठी नाही, हे आता करारातच लिहिलेलं असतं. तरी माणसं ठेवतात. कुरतडलेली नोट बदलून मिळते का, असं मला अजूनही विचारतात. पन्नास किंवा त्याहून मोठी नोट असेल आणि तिचा सलग एक तुकडा ऐंशी टक्क्यांहून जास्त उरला असेल तर पूर्ण पैसे मिळतात. चाळीस ते ऐंशी टक्के उरला असेल तर निम्मे. त्याखाली काही नाही. इतिवृत्ताला मात्र असा काही नियम नाही.

आता मूळ मुद्दा. त्या पुस्तकात कुठेतरी एक ठराव होता. तो आज कोणाला वाचता येणार नाही. त्याचे सूचक आणि अनुमोदक यांच्यापैकी सूचकच काय तो हयात आहे, आणि तो तुमच्यासमोर उभा आहे. पुरावा नष्ट झालाय, तेव्हा गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण रौप्यमहोत्सवात खोटं बोलू नये.

त्या वेळी आपल्या बांधकामाच्या अंदाजपत्रकात एक ओळ होती: पाया व जोत्याला वाळवीप्रतिबंधक औषध, अठरा हजार रुपये. चोवीस रो-हाऊस, सहा-सहाच्या चार रांगा. पैशाची ओढाताण होती, कर्जाचा पहिला हप्ता यायचा होता. मी खजिनदार. मी म्हणालो, "आपण मुरमावर बांधतोय. मुरमात कुठली आली वाळवी? ही ओळ काढा." बारा नंबरचे गुरुजी, आज ते नाहीत, एकटे उभे राहिले. ते म्हणाले, "साहेब, सात नंबरच्या जागी वारूळ होतं. आपल्या बायका नागपंचमीला तिथं पूजा करायच्या. तुम्ही वरचा ढिगारा मशीनने सपाट केलात, राणी कुठे गेली?" सगळे हसले. ओळ निघाली. त्या अठरा हजारांत आपण प्रवेशद्वाराची कमान केली. कमान अजून उत्तम उभी आहे, हे मान्य करायला हवं. ती दगड-सिमेंटची आहे.

गुरुजींचं बरोबर होतं, हे मला पुढे पुस्तकं वाचून कळलं. वारूळ हे वाळवीचं घर नव्हे, घराचं धुराडं म्हणा. खरा संसार खाली असतो. आपल्याकडच्या बऱ्याच जाती जमिनीखाली बुरशीची बाग पाळतात. आणलेलं लाकूड-पाचोळा चावून त्यावर बुरशी वाढवतात आणि ती खातात. पावसाळ्यात वारुळावर जी अळंबी उगवते ती त्याच बागेची. राणी आत खोल, हजारोंनी अंडी घालत वर्षानुवर्षं जगते. वरून फावडं मारलं तर तिला काही कळतसुद्धा नाही. कामकरी वाळवी आंधळी, पांढरी, मऊ अंगाची. ऊन आणि कोरडी हवा तिला सोसत नाही. म्हणून ती उघड्यावर येत नाही, मातीची ओलसर नळी बांधत बांधत येते. तिचं निम्मं गुपित या ओलाव्यात आहे.

आपल्या जुन्या लोकांना हे माहीत होतं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत जमिनीखालचं पाणी शोधण्याचं एक अख्खं प्रकरण आहे, त्यात वारूळ ही पाण्याची खूण म्हणून वारंवार येतं. जांभळीच्या पूर्वेला जवळ वारूळ असेल तर गोडं पाणी लागतं, असं त्यात सांगितलंय. पारनेरसारख्या पाण्यासाठी आकाशाकडे बघणाऱ्या तालुक्यात पाणाडे अजूनही वारूळ बघतात. गंमत म्हणजे आपली सामाईक बोअर मारली ती सात नंबरच्याच मागे, आणि पाणी लागलं. तेव्हा पाणाड्याचं ऐकलं, गुरुजींचं ऐकलं नाही.

गावातलं आमचं जुनं घर माळवदाचं. लाकडी खांब, पण एकही खांब जमिनीला टेकलेला नाही. प्रत्येकाखाली दगडी तळखडा. आजोबा दर पावसाळ्याआधी त्या तळखड्यांभोवती कंदील घेऊन फिरायचे. लहानपणी वाटायचं, देवाला दिवा दाखवतात. ते मातीची नळी चढलीय का ते बघत होते. दगडावर नळी लगेच दिसते, तेवढ्यासाठी तो उघडा ठेवायचा. खांबांचं लाकूडही सागाच्या गाभ्याचं. आपण आज 'सागवानी' म्हणून जी चौकट घेतो तिच्या कडेला पांढुरका भाग असतो, तो साग असूनही वाळवी आवडीने खाते. शिवाय आपण चौकट फरशीत रोवतो आणि वरून सिमेंटने झाकतो. म्हणजे येण्याची वाट करून द्यायची आणि ती दिसू नये याचीही व्यवस्था करायची.

आपल्याकडे पहिली नळी दिसली ती २००९ च्या जूनमध्ये, सात नंबरमध्ये. अर्थातच. पहिला पाऊस पडून गेला होता आणि संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाल्या किड्यांचा खच पडला. वहिनी सकाळी केर काढताना म्हणाल्या, नुसते पंखच आहेत, किडे कुठे गेले? किडे जोडीजोडीने नवीन संसार थाटायला गेले होते. हे पंख घराच्या आत, बंद खिडकीजवळ सापडले तर समजावं की ते बाहेरून आलेले नाहीत, घरातूनच निघालेत. महिन्याभरात न्हाणीघराच्या चौकटीवर टिचकी मारली तर नगारा वाजल्यासारखा आवाज.

त्या वेळी प्रत्येकाने आपापलं बघितलं. मीही बघितलं. २०१४ साली माझ्या घराला औषध मारून घेतलं. नगरहून एक माणूस आला. पाठीवर शेतातला सोळा लिटरचा फवारणी पंप. भिंतीच्या कडेने फवारत पाऊण तासात मोकळा. पाच वर्षांची गॅरंटी, छापील कागदावर, शिक्क्यासह. दीड वर्षात वाळवी परत. दिलेला फोन लागेना. त्या माणसाचं नाव सांगत नाही, कारण दोष माझाच आहे. बँकेत मी कोणालाही कागद न तपासता दहा हजारांचं कर्ज दिलं नसतं, आणि इथे कशाचा द्रव, किती द्रव, काहीही न विचारता पैसे दिले.

मग निवृत्त माणसाला वेळच वेळ. भारतीय मानक ब्यूरोचं या विषयावर एक मानक आहे, आयएस ६३१३. त्याचे तीन भाग: बांधकामाची रचना कशी असावी, बांधताना औषध कसं द्यावं आणि बांधलेल्या घराला कसं द्यावं. तिसरा भाग आपल्या कामाचा. फरशी आणि भिंत जिथे मिळतात तिथे साधारण ३० सेंटिमीटरवर, म्हणजे फुटाला एक, १२ मिलिमीटरचं भोक पाडायचं. त्यात औषध मुरेनासं होईपर्यंत, जास्तीत जास्त एक लिटर सोडायचं आणि भोक बुजवायचं. लाकडी चौकट जिथे भिंतीला टेकते तिथे ६ मिलिमीटरची तिरकी भोकं, त्यात कमाल अर्धा लिटर.

आता माझ्या घराचा हिशेब ऐका. रांगेतलं शेवटचं घर, बाहेरच्या तीन बाजू मिळून ७५ फूट. आतल्या खोल्यांच्या कडा धरून आणखी १२५ फूट. म्हणजे २०० भोकं, २०० लिटरपर्यंत द्रव. आणि तो माणूस आणला होता सोळा लिटर, तेही फरशीच्या वर फवारलेलं! शंभर रुपयांच्या कर्जाला आठ रुपयांचं तारण. वर फवारलेल्या औषधाने झुरळं मरतात. वाळवी फरशीखालून येते.

म्हणून कोटेशन घेताना "किती पैसे" याआधी "किती लिटर" हा प्रश्न विचारा. दुसरा प्रश्न, औषधाचं नाव काय. "सरकारमान्य औषध आहे" हे उत्तर नव्हे. कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे, हा व्यवसाय करायला परवाना लागतो, तो बघायला मागा. बाटलीचं सील आपल्यासमोर फोडायला लावा. हे मागितल्यावर जो माणूस रागावतो तो परत गेलेला बरा.

औषधांबद्दल थोडंसं. आपल्या लहानपणी ऑल्ड्रिन, क्लोरडेन अशी नावं होती. ती माती-पाण्यात वर्षानुवर्षं राहतात, माणसाच्या चरबीत साठतात, म्हणून जगभर त्यांच्यावर बंदी आली. नंतर आलं क्लोरपायरिफॉस, ज्याचा रॉकेलसारखा उग्र वास तुम्हाला माहीत आहे. २० ईसी घेतलं तर एक लिटरला एकोणीस लिटर पाणी. अमेरिकेत घरगुती वापरासाठी ते २००० सालच्या निर्णयानंतर जवळपास बंदच झालं. म्हणजे आपण इथे पाया खणत होतो तेव्हा. मग बायफेन्थ्रिन आलं. त्याचा गुण असा की वाळवीला ते जाणवतं आणि ती दूर पळते. हा गुणही आणि दोषही. कुठे बोटभर फट राहिली तर ती फट शोधून ती आत येते, किंवा शेजाऱ्याकडे जाते. इमिडाक्लोप्रिड आणि फिप्रोनिल यांचा तिला पत्ताच लागत नाही. ती त्यातून जाते, हळूहळू मरते आणि मरण्याआधी इतरांना लावून जाते. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के असेल तर लिटरला २.१ मिलिलिटर. माझ्या २०० लिटरला ४२० मिलिलिटर. एवढीशी बाटली! म्हणून तर ती डोळ्यांसमोर फोडायला लावायची. वास नाही म्हणून ते निरुपद्रवी आहे, असं मात्र कोणी समजू नये. मधमाश्यांना ते फार घातक आहे, युरोपात २०१८ पासून शेतात उघड्यावर वापरायला बंदी आहे. पोरं, कुत्री-मांजरं, ओट्यावरची भांडी, पाण्याची टाकी सगळं आधी सांभाळायचं.

हे सगळं वाचून मी मोठा जाणकार झालो असं वाटत असतानाच एकोणीस नंबरमध्ये तोंडघशी पडलो. त्यांच्या दिवाणाखाली पीठ पडायचं. मी म्हटलं वाळवी, द्या भोकं पाडून. त्यांनी माझ्या भरवशावर भरपूर खर्च केला. दिवाणाखाली पीठ पडतच राहिलं. तो भुंगा होता. लाकडावर टाचणीच्या डोक्याएवढी गोल छिद्रं आणि चाळणीतून काढल्यासारखं बारीक पीठ दिसलं तर तो भुंगा, त्याचा जमिनीशी संबंध नाही, इलाज त्या लाकडावरच करायचा. खसखशीसारखे टणक दाणे पडत असतील तर ती कोरड्या लाकडातली वाळवी, तिचाही इलाज लाकडातच. मातीची नळी असेल तरच जमीन. नळीचा इंचभर तुकडा मोडून ठेवा, दोन-तीन दिवसांत परत बांधली तर वसाहत जिवंत आहे. ही तपासणी फुकट आहे. एकोणीस नंबरच्या काकांची मी आज सर्वांसमोर माफी मागतो. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, दिवाण मात्र माझ्या घरासमोरून मुद्दाम हळू नेला.

आता आपल्यापुढचा प्रश्न. गेल्या वार्षिक सभेत ठराव झाला की चारही रांगांना एकत्र औषध द्यायचं. एकेकट्याने देऊन उपयोग नाही हे आपण पंधरा वर्षं पैसे घालवून शिकलो. एका जोत्यावर सहा घरं, भिंतीला भिंत. एकाने दिलं की ती बाजूला सरकते. जमिनीखाली प्लॉट नंबर नसतात.

दोन अडचणी आहेत. पहिली, बोअर. सात आणि आठ नंबरच्या मागची बाजू बोअरच्या अगदी जवळ. तिथे जमिनीत औषध सोडायला मी विरोध केला, आणि या वेळी मी ओळ काढली त्याबद्दल मला पश्चात्ताप होणार नाही. आपण सगळे ते पाणी पितो. त्या बाजूला नळ्या दर आठवड्याला मोडायच्या, न्हाणीघराची गळती बंद करायची, भिंतीला टेकलेली बागेची माती फूटभर मागे घ्यायची, जोतं आजोबांच्या तळखड्यासारखं उघडं ठेवायचं आणि कुजलेल्या लाकडी चौकटी काढून ग्रॅनाइटच्या बसवायच्या. आमिषाच्या डब्यांचाही विचार झाला. वाळवी आमिष खाते आणि वारुळात नेते, माती-पाण्याला धक्का नाही. पण महिनोन्‌महिने लागतात, खर्च जास्त, आणि बुरशी पाळणाऱ्या आपल्या जाती त्याला तितक्या हमखास भुलत नाहीत. सात नंबरच्या मंडळींनी दोन डबे लावून बघायचं ठरवलंय, सोसायटी निम्मा खर्च देणार आहे.

(एक गंमत सांगायची राहिली होती. हवाई बेटांवर घराखाली बेसाल्टच्या बारीक खडीचा थर घालतात. दाणा वाळवीला उचलता येत नाही आणि दोन दाण्यांमधून जाताही येत नाही. बेसाल्ट म्हणजे आपल्या डोंगराचा काळा दगडच. पण तो दाणा तिथल्या वाळवीच्या मापाचा चाळून घेतलेला असतो. क्रशरवरून कोणी ट्रॉली आणून ओतू नये, म्हणून हे लिहितोय.)

ज्यांची मुलं सुप्याला किंवा पुण्याला नवीन घर बांधताहेत त्यांच्यासाठी एकच वाक्य: अंदाजपत्रकातली ती ओळ काढू नका. फरशीचं काँक्रीट पडण्याआधी जोत्याच्या भरावावर चौरस मीटरला पाच लिटर. सातशे चौरस फुटांच्या जोत्याला सव्वातीनशे लिटर. ओल्या चिखलावर नाही, आणि दिल्यावर ती माती कोणी उकरायची नाही. सेंटरिंगच्या फळ्यांचे तुकडे भरावात पुरायचे नाहीत, हे गवंड्याला उभं राहून सांगावं लागतं.

दुसरी अडचण, बंद घरं. आपल्या चोवीसपैकी पाच घरांना कुलूप आहे. मंडळी मुंबईला असतात, यात्रेला आणि दिवाळीला येतात. तक्रार नाही, आपला निम्मा तालुका मुंबईवरच उभा राहिलाय. पण कार्यालयाच्या कपाटातली वाळवी कुठून आली ते आम्ही माग काढून बघितलं. ती सतरा नंबरच्या बंद न्हाणीघरातून सामाईक भिंतीने आली होती. नळ ठिबकत होता, वर्षभर कोणी बघितला नाही. अंधार, ओल, शांतता आणि लाकूड. तिला आणखी काय हवं?

काम दिवाळीनंतर जमीन वाळली की सुरू होईल. पाचही घरांच्या किल्ल्या लागतील. "घरात काही नाहीये, आम्हाला नको" असं दोन जणांनी कळवलंय. तुमच्या घरात काही नसेल, पण तुमच्या भिंतीपलीकडे अठरा नंबरमध्ये मुलीच्या लग्नाचं सामान भरून ठेवलंय. किल्ली कोणाकडे द्यायची हा प्रश्न असेल तर माझ्याकडे द्या. छत्तीस वर्षं तिजोरीची एक चावी माझ्याकडे होती, दुसरी दुसऱ्याकडे. तसंच करू. दार उघडताना दोन सभासद हजर, नोंदवहीत दोघांच्या सह्या, काम झालं की त्याच संध्याकाळी कुलूप. नोंदवही पत्र्याच्या कपाटात, भिंतीपासून चार बोटं दूर.

आत्तापर्यंत तीन किल्ल्या आल्यात. सतरा आणि बावीस बाकी आहेत. सतरा नंबरचे मालक दुसऱ्या रांगेत बसलेत, मी त्यांच्याकडे बघत नाहीये.



(ता. क. जेवणाच्या पंगतीतच सतरा नंबरची किल्ली मिळाली. बावीस नंबरची स्मरणिका छापायला जाईपर्यंत आलेली नाही.)